लाल रंगाखाली आंबेखोल

दर्शना आंब्रेला कुणी भित्री म्हटलेलं आवडायचं नाही, पण ती होतीच भित्री. प्रयोगशाळेत आम्लाची बाटली उघडायची झाली की ती मुलांना भिंतीपर्यंत मागं सरकवायची. स्पिरिटचा दिवा स्वतःच पेटवायची, मुलांच्या हाती काडेपेटी म्हणून द्यायची नाही. आंबेखोलच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला लागून तिला कितीतरी वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात तिच्या वर्गात कुणाच्या बोटाला साधा चटका बसला नव्हता. त्याचा तिला मनातून अभिमान होता.

म्हणूनच गावाच्या मुंबई मंडळानं शाळेला भिंतीवरचा मोठा टीव्ही दिला, इंटरनेट जोडून दिलं, तेव्हा आधी कुरकुर करणारी दर्शना पुढे त्याच्या प्रेमातच पडली. सुरुवातीला तिला माऊससुद्धा नीट धरता येत नसे. मुलांसमोर काही चुकलं तर, या विचारानं ती आदल्या दिवशी घरी नवऱ्याच्या लॅपटॉपवर सगळा पाठ करून बघायची. पण एकदा तिनं पडद्यावर विद्युतमंडल जोडून दाखवलं, बल्ब पेटला, आणि मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा उठून पुढं आली. त्या दिवसापासून तिला चटकच लागली. या प्रयोगांत काही फुटत नव्हतं, सांडत नव्हतं, कुणाला भाजत नव्हतं. आपल्यासारखीसाठीच कुणीतरी हे बनवलंय, असं तिला वाटायचं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. दहावीला आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आला. आता आंबेखोलात हा धडा नुसता वाचून दाखवणं म्हणजे जरा विचित्रच. गाव डोंगराच्या कुशीत, वाडग्यासारखं खोलगट, माथ्यावर सडा, म्हणजे उघडं कातळी पठार. पश्चिमेच्या डोंगरधारेपलीकडे लोटे, रासायनिक कारखान्यांची वसाहत. अर्ध्या घरांतली माणसं तिथल्या कंपन्यांत पाळ्यांवर जाणारी, उरलेल्या अर्ध्यांतली मुंबईला. दर्शनाचा नवरा नितेश स्वतः लोट्यातल्या एका कंपनीत सुपरवायझर. धारेपलीकडे नक्की काय काय बनतं हे गावात कुणाला नीट सांगता आलं नसतं. काही झालंच तर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या पोटात होता आणि ओठावर कुणाच्याच नव्हता.

दर्शनाला इंटरनेटवर एक साधन सापडलं होतं. नकाशावर ठिपका ठेवायचा, वायू निवडायचा, वाऱ्याची दिशा द्यायची, की तो वायू कसा पसरत जाईल ते रंगात दिसायचं. पिवळा म्हणजे डोळे चुरचुरतील. लाल म्हणजे जीवावर बेतेल. तिनं वर्गात ठिपका आधी भर समुद्रात ठेवला. मुलं जांभया द्यायला लागली.

"बाई, आपल्या बाजूला दाखवा ना," वेदिका म्हणाली. वेदिका वर्गातली सगळ्यात चुणचुणीत मुलगी, रावजी शिगवणांची. "लोट्यावर ठेवा ठिपका."

दर्शनानं ठिपका समुद्रातून उचलला. मग तिनं ठेवला. वायू घेतला क्लोरीन. वारा दिला पश्चिमेचा. पिवळा डाग धारेपर्यंत आला आणि विरून गेला.

"अजून वाढवा, बाई!" वर्ग ओरडला. तिनं वाढवलं. "अजून!" अजून वाढवलं. मुलं अशी रंगलेली तिनं कधी पाहिली नव्हती. तिलाही हुरूप आला आणि शेवटी तिनं आकडा इतका वाढवला, की एवढा क्लोरीन कुठल्या कंपनीत असेल की नाही याचीच शंका. लाल रंग धार ओलांडून खाली उतरला. बघता बघता देवळाची वाडी, शाळा, नदीकाठची खळी सगळं त्याखाली गेलं.

 मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आमचं घर गेलं."

"हे खोटं आहे हां," दर्शना घाईघाईनं म्हणाली. "नुसतं समजण्यासाठी." तास संपल्यावर तिनं त्या पडद्याचं चित्र दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, आजचा पाठ, वायू कसा पसरतो, चित्र पाहून दहा ओळी लिहा. चित्रावर मात्र तिनं काही लिहिलं नाही. लिहावं असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठवीच्या वर्गावर होती. खिडकीतून तिला दिसलं, की फाटकातून एक बाई पदर खोचून धावत येतेय. तिच्यामागं आणखी दोघी. मग एक म्हातारा, अनवाणी. पहिली बाई पाचवीच्या वर्गात शिरली आणि आपल्या पोराला दंडाला धरून ओढतच बाहेर घेऊन गेली. दप्तर तिथंच राहिलं.

दर्शना व्हरांड्यात आली. हेडमास्तर उतेकर सर ऑफिसातून बाहेर येत होते. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, लोट्याला गॅस फुटला," ते म्हणाले. "मुंबईहून सगळ्यांचे फोन येतायत. हे बघा."

तिनं मोबाईल हातात घेतला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, लोट्यात मोठी गॅस गळती, लाल भागातील लोकांनी ताबडतोब गाव सोडावं, पुढे पाठवा, जीव वाचवा. खाली चित्र होतं. तिचं चित्र. लाल रंगाची ती जीभ धारेवरून खाली उतरलेली, कोपऱ्यात तिनं चुकून उघडी ठेवलेली पडद्यावरची लहान खिडकीसुद्धा तशीच.

झालं होतं ते इतकंच. वेदिकाच्या आईनं कौतुकानं ते चित्र मुंबईच्या दिराला, सर्वेशला पाठवलं होतं, आमच्या वेदूनं शाळेत केलं म्हणून. सर्वेशनं ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठं कुठं गेलं, कौतुकाचे शब्द कुठं गळून पडले आणि हे नवे शब्द कुणी जोडले, ते पुढे पोलिसांनाही नीट उलगडलं नाही. पण मुंबईत खोल्याखोल्यांतून माणसं उठली आणि आपापल्या घरी फोन लावत सुटली. आई, बाहेर पड. आहेस तशी बाहेर पड. आणि मुंबईहून मुलगा सांगतोय म्हटल्यावर आंबेखोलात कोण विचारत बसणार?

"सर, हे माझं आहे," दर्शना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "काल मी वर्गात केलं. हे खरं नाही."

उतेकर सरांनी मोबाईल तिच्या हातून परत घेतला. "नक्की?"

नक्की म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी तिला वास आला. उग्र, नाकात चढणारा, घशाला खवखवणारा. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. क्लोरीन!

 तिनं खांबाला धरलं. चित्र आपलं, चित्र खोटं, हे तिला ठाऊक होतं. पण चित्र खोटं म्हणून हवाही खोटीच, असं कुठं होतं? काल आपण लाल रंग उतरवला आणि आज खरंच काही झालं असेल तर? तिनं नितेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कंपनीत आत मोबाईल नेऊ देत नाहीत, तो दारावरच्या कपाटात ठेवावा लागतो, हे तिला रोजचं माहीत असलेलं त्या वेळी मुळीच धीर देईना. तिच्या डोळ्यांपुढं ते बंद कपाट आलं, आत वाजणारा फोन आला, आणि फोनवर यायला कुणीच उरलं नाही, असं काहीतरी आलं.

सरांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "आमच्याकडे तसं काही आलेलं नाही. पण खूप फोन येतायत, चौकशी करतो." यातून काय घ्यायचं ते घ्या.

दर्शना वासामागं निघाली. का निघाली ते तिला सांगता आलं नसतं. नाकाला पदर लावून, भिंतीच्या आधारानं ती शाळेच्या मागल्या बाजूला गेली. तिथं हौसाबाई, शाळेत खिचडी शिजवणारी आणि साफसफाई बघणारी, संडासाच्या पायऱ्यांवर पांढरी पूड टाकून खराट्यानं घासत होती. बाजूला ब्लीचिंग पावडरचं पोतं उघडं पडलं होतं.

"काय झालं ओ बाई? सगळी धावतायत कशाला?"

दर्शना मटकन पायरीवर बसली. तिला हसू येईना की रडू येईना. वास पोत्याचा होता. म्हणजे निदान वास तरी पोत्याचा होता. तिनं पुन्हा लावलेला नितेशचा फोन नुसता वाजतच राहिला.

फाटकाबाहेर आता आरडाओरडा सुरू झाला होता. धोंडू चाळक्याचा टेम्पो रस्त्यावर उभा होता आणि बायका पोरांना त्यात वर चढवत होत्या. रावजी शिगवण आपल्या आईला, येसूबाईंना, पाठुंगळीला घेऊन आला. ऐंशीच्या पुढची म्हातारी, तिला काही कळत नव्हतं, ती नुसती विचारत होती, "खंय नेतोस रे मला? शेरडं तशीच बांधलेली हायत." रावजीनं तिला टेम्पोत लोकांच्या मध्ये बसवलं आणि टेम्पो खाली हमरस्त्याच्या दिशेनं सुटला.

खाली. दर्शनाला पुढचा रस्ता आठवला. गावातून बाहेर पडणारा एकच डांबरी रस्ता, आणि तो धारेला वळसा घालून जातो तो थेट लोट्याकडे. गॅस खरा असेल, तर ही माणसं त्याच्यापासून पळत नव्हती, त्याच्या तोंडात चालली होती. आणि क्लोरीन हवेपेक्षा जड. तो सखल जागा धरून बसतो.

तिनं हौसाबाईच्या चुलीकडे पाहिलं. खिचडीचं पातेलं चढवलेलं, लाकडं धुमसत होती. धूर उठत होता आणि सरळ पश्चिमेला, धारेकडे चालला होता. म्हणजे आत्ता वारा गावाकडून लोट्याकडे होता. तिकडे काही झालंही असेल, तरी आत्ता ते इकडे येणार नव्हतं. पण दुपार कलली की या दिवसांत वारा फिरतो, समुद्राकडून येतो. तेवढाच काय तो अवधी.

देवळात ध्वनिक्षेपक होता. शाळेपासून देवळापर्यंतचं अंतर ती एरवी छत्री सांभाळत, खड्डे बघत चालायची. त्या दिवशी ती धावली. एक चप्पल वाटेत तुटली ती तिनं तिथंच सोडली. धावता धावता तिच्या मनात एकच भोवरा फिरत होता. काय सांगायचं? घाबरू नका, घरी जा, म्हणायचं? आणि खरंच काही झालेलं असलं तर? मग या माणसांना घरात बसवून मारणारी मीच. काही झालेलं नाही, असं मी कशाच्या जोरावर सांगू? माझा स्वतःचा नवरा फोन उचलत नाही.

गुरवानं बटण दाबून माईक तिच्या हाती दिला. तिला वर्गाबाहेर बोलायची सवय नव्हती. सव्वीस जानेवारीला निवेदन करायचं म्हटलं तरी ती दुसऱ्या बाईंना पुढं करायची.

"मी हायस्कूलची आंब्रे बाई बोलतेय," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज डोंगरावर आपटून परत आला. "तुमच्या मोबाईलवर जे लाल चित्र आलंय, ते मी केलेलं आहे. काल वर्गात शिकवायला केलं होतं. ते खरं नाही. चूक माझी आहे. लोट्यात काही झालंय का, ते मला माहीत नाही. पोलीस म्हणतात काही खबर नाही. पण ज्यांना भीती वाटत असेल त्यांनी खालच्या रस्त्यानं जाऊ नये. तो रस्ता लोट्याकडेच जातो. वर सड्यावर जा. वारा आत्ता लोट्याकडून येत नाहीय. पळू नका. म्हाताऱ्यांना, पोरांना घ्या आणि सावकाश सड्यावर चढा."

ती हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. देवळासमोर माणसं गोळा झाली. काही जणी पोरं कडेवर घेऊन वरच्या पाखाडीला, दगडी पायऱ्यांच्या वाटेला, लागल्याही. पण गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "तुझा घोव कंपनीत हाय! तू कंपनीचंच बोलणार!" दुसरा म्हणाला, "हिनंच आग लावली आणि आता हीच पाणी घालतेय." दर्शना माईक घट्ट धरून उभी राहिली.  ती फक्त म्हणाली, "तो आत्ता तिथंच आहे. त्याचा फोन लागत नाही. मला पण भीती वाटतेय." ते बोलणं माईकमधून साऱ्या गावानं ऐकलं.  ओरडणाऱ्या म्हाताऱ्यानं घरची शेळी सोडली आणि तिला घेऊन तो सड्याची वाट चढू लागला.

तेवढ्यात खालून बोंब आली. धोंडूचा टेम्पो वळणावर चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीला घासून कलंडला होता. वेग जास्त नव्हता म्हणून माणसं वाचली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा हात मोडला. येसूबाई मात्र टेम्पोखाली सापडल्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. दर्शना तिथं पोचली तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला गोणपाटावर पडून होत्या. वेदिका आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बाईंना बघून तिनं मान खाली घातली.

"बाई, मीच सांगितलं होतं लोट्यावर ठेवा म्हणून," ती पुटपुटली.

"ठेवलं मी," दर्शना म्हणाली. तिच्याजवळ बसायचं तिचं धाडस झालं नाही. ती उभीच राहिली.

कंपनीत जेवणाची सुट्टी झाल्यावर दारावरून नितेशचा फोन आला. "अगं, एवढे मिस्ड कॉल? काय झालं?"

"तू काय करतोयस?"

"काय करणार, डबा खातोय. इथं तर पोलीस येऊन बघून गेले. कुणीतरी अफवा उठवली म्हणे."

 तो पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला आणि ती फोन कानाला लावून रस्त्यातच रडत उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस तिला फार जड गेले. पोलिसांनी बोलावून तिचा जबाब घेतला. उतेकर सर बरोबर होते. त्यांनी आपल्या बोलण्यात सगळं स्वच्छ सांगितलं, तिची बाजूही आणि तिची चूकही. संस्थेनं लेखी समज दिली. टीव्हीची खोली बंद झाली. गावातल्या बायका पाणवठ्यावर तिच्याशी बोलायच्या, पण आधी एकमेकींकडे बघून मग बोलायच्या.  नितेश पाळीवर गेला की तो परत येईपर्यंत तिला काही सुचायचं नाही. तो हसून म्हणायचा, "इतकी वर्षं जातोय की." पण पूर्वी तिनं त्या लाल रंगाखाली स्वतःचं घर पाहिलेलं नव्हतं.

येसूबाई पुन्हा चालल्या नाहीत. दर्शना त्यांना भेटायला जायची. पहिल्यांदा गेली तेव्हा रावजी पडवीत बसला होता. त्यानं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. म्हातारीनं मात्र तिचा हात धरून ठेवला आणि शेरडांविषयी बोलत राहिली. रावजी दर खेपेला तसाच बसून असायचा. एकदा ती निघताना तो उठला आणि अंगणापर्यंत आला.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"ते खोटं होतं, ठीक हाय. पण खरं झालं तर काय करायचं? त्या दिवशी मी आयेला टेम्पोत घातली. मला वाटलं, वाचवतोय. खालच्या रस्त्यानं जाऊ नका हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं." त्यानं मागं पडवीकडे पाहिलं. "तुम्ही पोरांना शिकवता ते आम्हाला शिकवाल काय?"

दर्शनाला नाही म्हणायचं होतं. ती खोली पुन्हा उघडायची, तो नकाशा पुन्हा लावायचा, ही कल्पनाच तिला नको होती. "बघते," एवढंच म्हणून ती घरी आली आणि दोन दिवस नीट जेवली नाही.

एका रविवारी उतेकर सरांनी खोली उघडली. माणसं मावेनात, काही खिडकीशी उभी राहिली. नितेश कंपनीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याला विनंती करून घेऊन आला होता. दर्शनानं आधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हे खरे नाही, आणि मग पडदा सुरू केला.  त्या दिवशी तिनं लाल रंग कमी पसरवला, जास्त पसरवला, वारा इकडून तिकडून फिरवला, आणि प्रत्येक वेळी विचारलं, आता कुठं जायचं?  मग एक बाई म्हणाली, "सड्यावर." दुसरी म्हणाली, "पण वारा सड्याकडेच असला तर?" मग सुरक्षा अधिकाऱ्यांनी सांगितलं, की वाऱ्याच्या आडवं चालायचं, ओलं फडकं नाकाला लावायचं, आणि वेळ नसेल तर दारं खिडक्या बंद करून घरातच थांबायचं. प्रश्न संपता संपेनात. अंथरुणावरच्या माणसाचं काय, गुरांचं काय, कंपनीचा भोंगा वाजला तर आम्हाला धारेच्या अलीकडे ऐकू येणार काय? या शेवटच्या प्रश्नावर अधिकारी जरा घुटमळले आणि वरती कळवतो म्हणाले.

मग सगळे मिळून सड्यावर चढून गेले. म्हातारी माणसं किती वेळात चढतात ते त्यांना बघायचं होतं. ती फार हळू चढत होती. दर्शना शेवटी, त्यांच्या मागं राहिली. वर उघड्या कातळावर पोचल्यावर माणसं धापा टाकत बसली आणि नकळत सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे वळली. तिथून लोटे स्पष्ट दिसत होतं. चिमण्या, टाक्या, पत्र्याची छपरं.  रावजी तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आयेला वर आणायला चार माणसं लागतील," तो म्हणाला. "डोली करून ठेवतो."

"करा," दर्शना म्हणाली. वारा नुकता फिरला होता आणि समोरून, लोट्याकडून, येत होता.